गोल्फ कार्ट रात्रभर चार्जिंगला, सकाळी अर्धीच: वाईतल्या प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी २०२५

आधी गाडीची माहिती देतो, म्हणजे पुढचे आकडे कोणाला आपल्या गाडीशी ताडून बघता येतील. सहा आसनी, परदेशी बनावटीची, सेकंडहँड आयात झालेली. ४८ व्होल्टची डीसी मोटर. सीटखाली आठ-आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, पाणी घालायच्या लेड-अ‍ॅसिड, १७० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता). टर्मिनलवर ठोकलेला कोड एफ-३. अक्षर महिन्याचं, अंक वर्षाचा, म्हणजे जून २०२३ चा माल. चार्जर गाडीबाहेरचा, राखाडी रंगाचा, एका हाताने उचलत नाही असा डबा. तो ११५ व्होल्टचा आहे, म्हणून विकणाऱ्याने सोबत २३० चे ११५ करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर दिला होता. तो लाकडी पाटावर स्क्रूने बसवलेला.

आमचं ज्येष्ठांचं निवास पसरणी घाटाच्या पायथ्याला. गेटपासून भोजनगृहापर्यंत सगळा चढ. गुडघे धरलेल्या आजी-आजोबांना वर न्यायचं, एवढंच गाडीचं काम. तक्रार अशी की सकाळी दोन-तीन फेऱ्या बऱ्या होतात आणि नाश्त्याच्या वेळी गाडी चढावर गुदमरते. चार्जर रात्रभर घुमतो, हाताला चटका बसेल इतका तापतो, तरी गाडी भरत नाही. मॅनेजर साहेबांनी सहा नव्या बॅटऱ्यांचं कोटेशन मागवून ठेवलंय. आकडा लाखाच्या आसपास. मी म्हटलं, आधी मोजून बघू.

आज फक्त मोजमाप. चार्जर सकाळी काढला, पण मीटर दुपारी लावला. चार्जिंगवरून काढल्या-काढल्या घेतलेला व्होल्टेज फुगलेला असतो, निदान तीन-चार तास गाडी उभी ठेवावी. एक ते सहा क्रमाने: ८.१०, ८.१०, ८.०५, ८.१५, ७.७५, ८.१५. एकूण ४८.३.

४८ ची गाडी ४८ दाखवते म्हणजे झालं, असं आमचे वायरमन म्हणाले. तसं नाही. आठ व्होल्टची भरलेली बॅटरी विश्रांतीत ८.४९ च्या आसपास असते, सहांची मिळून ५०.९. ८.०७ म्हणजे निम्मी. आमची गाडी रात्रभर चार्ज होऊन निम्मी भरते, आणि पाच नंबर त्याहून खाली आहे.

१२ फेब्रुवारी

पाणी तपासलं. पाच नंबरच्या दोन खणांत (खण म्हणजे सेल, आठच्या बॅटरीत चार) प्लेटा उघड्या. बाकीच्यांत पाणी बरोबर प्लेटांपर्यंत. माळीकाकांना विचारलं तेव्हा कळलं की पाणी घालायचं काम त्यांच्याकडे आहे आणि ते स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं घालतात. ते बंद करून डिस्टिल्ड वॉटरचे पाच लिटरचे दोन कॅन आणले.

इथे एक क्रम पाळायचा असतो. उघड्या प्लेटा फक्त बुडतील इतकंच पाणी आधी घालायचं, मग चार्ज करायचं आणि चार्ज झाल्यावर वरपर्यंत भरायचं, पाणी घालायच्या नळीच्या खालच्या कडेपासून तीनेक मिलिमीटर खाली. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये पाणी फुगून अ‍ॅसिड बाहेर येतं आणि ट्रे खातं. आमचा ट्रे एका कोपऱ्यात असाच खाल्लेला आहे. तिथे खाण्याच्या सोड्याचं पाणी ओतून फेस थांबेपर्यंत धुतलं.

गॅरेजवाल्या अण्णांचा सल्ला: "थोडं अ‍ॅसिड टाका, जोर येईल." टाकू नका. खणातून उडतं ते पाणी. अ‍ॅसिड उडून जात नाही, ते प्लेटेवर सल्फेट होऊन बसलेलं असतं. वरून नवं अ‍ॅसिड घातलं की हायड्रोमीटरला बॅटरी भरल्यासारखी दिसते आणि प्लेटा लवकर मरतात.

हायड्रोमीटर, म्हणजे खणातल्या द्रावाची घनता मोजणारी नळी, लावला. बहुतेक खण ११६० ते ११८० च्या दरम्यान. भरलेल्या बॅटरीत १२७५ च्या आसपास हवेत. पाच नंबरचा मधल्या दोनांपैकी एक खण १११०. म्हणजे व्होल्टेज खोटं बोलत नव्हता.

१७ फेब्रुवारी

जोडण्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळली, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवलं. ४८ व्होल्टचा झटका फारसा जाणवत नाही, पण दोन टर्मिनलांवर आडवा पाना पडला तर तो लाल होऊन चिकटतो. गाडीचा स्विच टोइंगवर (ओढून न्यायच्या स्थितीत) टाकून मगच हात घातला.

खराब जोडणी डोळ्यांनी शोधू नये, मीटरने शोधावी. ड्रायव्हर मामांना चढावर गाडी घ्यायला लावली आणि मी मागे बसून प्रत्येक जोडपट्टीच्या दोन टोकांना मीटर लावला. चांगल्या केबलवर ०.०५ च्या आत दिसतं. तीन आणि चार नंबरच्या मधल्या केबलवर ०.४ दिसलं. बाहेरून ती सगळ्यांत स्वच्छ दिसत होती. कापून बघितली तर लगच्या (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या टोपीच्या) आत तांब्याच्या तारा हिरव्या पडून भुगा झालेल्या. ३५ स्क्वेअर एमएमची नवी केबल आणि लग साताऱ्यातून आणले. क्रिम्पिंग तिथेच दुकानात करून घेतलं, कारण आमच्याकडचा क्रिम्पर एवढ्या जाडीचा नाही. हातोड्याने ठोकून बसवलेला लग चार महिन्यांत परत हिरवा होतो. बाकीची टर्मिनलं ब्रशने घासून, घट्ट करून वर पेट्रोलियम जेली लावली. जेली जोडणी घट्ट झाल्यावर लावायची, आधी नाही.

चार्जरच्या प्लगची एक पिन काळी पडली होती, सॉकेटातली पत्तीही सैल. दोन्ही बदलले.

फरक पडला. गाडी चढावर सरळ जाते, पहिल्यासारखे आचके देत नाही. मामा खूश. पण सकाळचा आराम-व्होल्टेज ४८.४. म्हणजे खर्च होणं सुधारलं, भरणं होतं तिथेच.

२२ फेब्रुवारी

वायरमनचं निदान: लो व्होल्टेज. संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की आमच्याकडे १९० पर्यंत उतरतो, हे खरंच आहे. स्टेपडाउनमधून चार्जरला जेमतेम ९५ मिळतात, मग तो काय चार्ज करणार, हे त्यांचं म्हणणं. ऐकायला पटण्यासारखं. साहेबांनी तीन केव्हीएचा स्टॅबिलायझर आणवला, सात हजारांच्या आत-बाहेर.

बसवल्यावर चार्जरला पक्के ११५ मिळायला लागले. रात्री अकराला आणि पहाटे पाचला मीटर लावून बघितलं. पहाटे चालू चार्जिंगमध्ये पॅकचा, म्हणजे सहाही बॅटऱ्यांचा मिळून, व्होल्टेज ५१.६. स्टॅबिलायझर काढून, १९० वर, पुन्हा तेच मोजलं: ५१.४. इतक्या कमी सप्लायवरही हा डबा जवळपास तेवढंच देतो. पैसे वाया गेले. पण एक धागा मिळाला: इनपुट वर-खाली झालं तरी आउटपुट हलत नाही, असा हा चार्जर आहे. तेव्हा त्याचा अर्थ कोणालाच लागला नाही.

चालू चार्जिंगमध्ये ५१.६ हा आकडा फार कमी आहे. २४ खणांच्या पॅकला रोजच्या चार्जिंगच्या शेवटी खणाला २.४५ च्या हिशोबाने ५८.८ हवेत. आम्ही सात व्होल्ट खाली.

आणखी एक खूण, मीटर नसलेल्यांसाठी. भरत आलेली बॅटरी बुडबुडे सोडते. झाकण उघडून कान लावला तर सोडा वॉटरसारखा आवाज येतो. आमच्या सगळ्या खणांत पहाटे पाचला पाणी विहिरीसारखं शांत होतं.

२७ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र. सगळ्यांना मंदिरापर्यंत ने-आण, गाडी दिवसभर रस्त्यावर. रात्री कोणी चार्जिंगला लावली नाही. आज लावली तर चार्जर सुरूच होईना. नेहमी प्लग लावल्यावर आत रिलेचा "टक" आवाज येतो आणि घुमायला लागतो. आज टक नाही. पॅक ३४ व्होल्ट.

चार्जर बिघडला असं समजून तो लगेच दुकानात नेऊ नका. अशा स्वयंचलित चार्जरचा रिले बॅटरीच्याच व्होल्टेजवर ओढला जातो. गाडी जोडलीय की नाही हे तो तसं ओळखतो. पॅक फार उतरला की त्याच्या लेखी गाडीच जोडलेली नाही.

उपाय गावातच आहे. ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करायचा २४ व्होल्टचा साधा चार्जर प्रत्येक बॅटरीवाल्याकडे असतो, अँपिअरचा काटा असलेला. आठ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या मिळून २४ होतात. पॅकची मुख्य प्लस आणि मायनस केबल सोडवली, तीन-चार मधला दुवा काढला. झाले २४ चे दोन गट. एकेका गटाला दहा-बारा अँपिअरवर काही तास दिले. एकेकटी आठची बॅटरी बारा व्होल्टच्या चार्जरला लावायची युक्ती काही जण सांगतील. ती लावू नये, बॅटरी उकळते. सहा-सहाच्या बॅटऱ्या असतील तर दोन मिळून बारा, तिथे ते चालतं.

आणि बघा, ट्रकचा चार्जर लावल्यावर दुसऱ्या गटात तासाभरात बुडबुडे. गाडीच्या स्वतःच्या चार्जरवर मला ते कधी दिसले नव्हते.

दुवा परत जोडला, मूळ चार्जर लावला, टक झालं, घुमायला लागला. पहाटे ५१.६.

३ मार्च

आजची नोंद खरं म्हणजे मामांची आहे.

मामा बरेच दिवस म्हणतात की "जनरेटरवर गाडी जास्त भरते." आम्ही सगळे हसत होतो. जनरेटर आमचा जुना, डिझेलचा, आवाज करत चालतो. त्याच्या विजेत काय एवढं अमृत असणार? परवा रात्री लाइट गेली, जनरेटर दोन वाजल्यापासून उजाडेपर्यंत चालला. मी सहज मीटर लावला. पॅक चार्जिंगमध्ये ५३.६. इतके दिवस ५१.६ च्या वर न गेलेला पॅक. लाइट आली, जनरेटर बंद केला, पंधरा मिनिटांत पुन्हा ५१.७.

इनपुट व्होल्टेज जनरेटरवर उलट थोडा कमीच होता. मग वाढलं काय?

चार्जर उचलून साताऱ्याला वाइंडिंगवाल्याकडे नेला. त्यांनी झाकण उघडलं, मोठा ट्रान्सफॉर्मर आणि शेजारी ६६० व्होल्टचा तेलाचा कंडेन्सर बघितला आणि म्हणाले, "ही तर सीव्हीटी आहे." जुन्या लोकांना सीव्हीटी, म्हणजे कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर, आठवत असेल. ऐंशी-नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरखाली ठेवायचे ती, घुमणारी, तापणारी, व्होल्टेज कितीही नाचला तरी आउटपुट स्थिर देणारी. तिचा एकच दोष: ती फ्रिक्वेन्सीला, म्हणजे विजेच्या हर्ट्झला, बांधलेली असते. गाभा संपृक्त करून ती व्होल्टेज पकडते, त्यामुळे आउटपुट हर्ट्झच्या प्रमाणात वर-खाली होतं.

पाटीवरची धूळ पुसली. ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ.

आपल्याकडे ५०. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ६० वर ६२ व्होल्टपर्यंत ढकलणारा चार्जर ५० वर सहाव्या हिश्शाने खाली येतो. ढोबळ गणित केलं: ६२ चे पाच षष्ठांश ५१.७. जवळपास आमचा पहाटेचाच आकडा.

जनरेटरचंही जुळलं. रात्री लोड कमी, जुना गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग), इंजिन जरा जास्त पळत होतं. वाइंडिंगवाल्यांच्या मीटरवर नंतर बघितलं तर कमी लोडवर ५२ हर्ट्झ. ५१.६ ला ५० ने भागून ५२ ने गुणलं तर ५३.७ येतात. मी ५३.६ लिहून ठेवले होते.

मामांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मग मी काय सांगत होतो?"

८ मार्च

चार्जर दुरुस्त करता येईल का यावर चर्चा. वाइंडिंगवाले म्हणाले, कंडेन्सर वाढवू. ५० हर्ट्झवर अनुनाद साधायचा तर कंडेन्सर साधारण १.४४ पट हवा, हे बरोबर. पण त्याने फक्त सर्किट ताळ्यावर येतं, गाभ्याची व्होल्टेजची मर्यादा सुटत नाही. ती वेढ्यांवर आणि हर्ट्झवर ठरते. सेकंडरीचे वेढे वाढवून नवं वाइंडिंग करायचं तर मजुरी आणि तांबं धरून नव्या चार्जरच्या जवळ जातो, आणि वर गॅरंटी नाही. सोडून दिलं.

असा डबा कोणी उघडणार असेल तर एक सूचना. प्लग काढल्यावरही कंडेन्सरात चार्ज उरलेला असू शकतो. रेझिस्टरने रिकामा करून मीटरने खात्री केल्याशिवाय बोट लावू नये. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची मर्दुमकी दाखवू नये.

नवा चार्जर मागवण्याआधी निदानाची खात्री हवी होती. स्टॅबिलायझरच्या अनुभवानंतर साहेब पुराव्याशिवाय पैसे सोडणार नव्हते, आणि त्यांचंही बरोबर आहे. साताऱ्यात ओळखीचा एक जण ई-रिक्षा चालवतो. त्या रिक्षेत बारा व्होल्टच्या चार लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या, म्हणजे सहा खण गुणिले चार, २४ खण. आमच्या आठच्या सहा, म्हणजे चार खण गुणिले सहा. तेही २४. चार्जरला बॅटऱ्यांचे डबे किती हे कळत नाही, त्याला खणांची संख्या कळते. त्याचा ४८ व्होल्ट १५ अँपिअरचा चार्जर सुट्टीच्या दिवसापुरता मागून आणला. प्लगची जोडणी उलटी असू शकते, म्हणून प्लस-मायनस मीटरने बघूनच तात्पुरत्या वायरी लावल्या.

संध्याकाळी सातला सुरू केला. अकराला ५३.८. पहाटे चारला ५७.९ आणि सहाही बॅटऱ्यांत सोडा वॉटर. मी मुद्दाम साहेबांना उठवून आवाज ऐकवला.

दुपारी विश्रांतीनंतर पॅक ४९.५. आजवरचा सगळ्यात वरचा आकडा.

१४ मार्च

धुळवड. काम नाही. कोटेशनं वाचली.

घेताना काय बघायचं ते इथेच लिहितो. इनपुट २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. हल्लीचे एसएमपीएस (इलेक्ट्रॉनिक) चार्जर ५० आणि ६० दोन्हीवर चालतात, पण पाटीवर तसं लिहिलेलं डोळ्यांनी बघा. करंट बॅटरीच्या एएचच्या दहा ते तेरा टक्के, म्हणजे १७० एएचला १७ ते २२ अँपिअर. पाण्याच्या लेड-अ‍ॅसिडचं सेटिंग हवं. विक्रेता लिथियमचा चार्जर पुढे करतो आणि "४८ चाच आहे" म्हणतो. शेवटचा व्होल्टेज जवळपास सारखा दिसतो म्हणून फसू नका. लिथियमच्या चार्जरला इक्वलायझिंग (सगळे खण सारखे भरायला मुद्दाम जास्त व्होल्टेजवर दिलेलं चार्जिंग) नसतं, आणि आमच्यासारख्या अर्धपोटी राहिलेल्या बॅटऱ्यांना नेमकं तेच लागतं. चौथी गोष्ट तापमानाचा सेन्सर. उन्हाळ्यात वाईत दुपारी चाळिशीकडे जातो. २५ अंशांच्या वर दर अंशाला खणामागे ५ मिलिव्होल्ट कमी करायचे असतात. ३५ अंशांना २४ खणांचे १.२ व्होल्ट होतात. सेन्सर नसेल तर उन्हाळ्यात बॅटऱ्या उकळतात.

पुण्याच्या विक्रेत्याकडून २० अँपिअरचा, सेन्सरसह, अठरा हजारांच्या आसपास घेतला. ई-रिक्षाचा चार्जर सात हजारांतही मिळाला असता आणि चालला असता. पैशांची अडचण असेल त्यांनी तो घ्यावा, पण इक्वलायझिंग हाताने, लक्ष ठेवून करावं लागेल.

२० मार्च

नवा चार्जर बसला. स्टेपडाउन भिंतीवरून उतरवला.

रोजचं चार्जिंग आता आठ-नऊ तासांत पुरं होतं आणि चार्जर स्वतःहून थांबतो. जुना कधी थांबतच नव्हता. त्याचा बोर्ड पॅक चढायची वाट बघत बसायचा आणि शेवटी वेळमर्यादेवर बंद व्हायचा. आम्ही समजत होतो, मन लावून चार्ज करतोय.

इक्वलायझिंग दिलं. पॅक ६२ च्या वर, कमी करंट, दर तासाला हायड्रोमीटर. ग्रॅव्हिटी (हायड्रोमीटरचा आकडा) चढायची थांबली की बंद करायचं. तासांचा आकडा ठरवून बसायचं नाही. पहिल्या दिवशी १२१० पर्यंत आलं, मग मध्ये दोन दिवस साधं चार्जिंग, मग पुन्हा. एक, दोन, तीन, चार आणि सहा नंबर १२४५ ते १२६० वर स्थिरावल्या. भरून न निघालेला भाग कायमचा गेला, तो आता परत येणार नाही. महिनोन्महिने अर्धवट चार्ज राहून प्लेटांवर बसलेलं सल्फेट कडक होतं.

पाच नंबर: तीन खण १२४०, मधला ११५०. सगळे फेस काढतात, तो एकटा गप्प. हा खण गेला.

२४ मार्च

पाच नंबरचं काय करायचं? अण्णा म्हणतात, सहाही काढा आणि इन्व्हर्टरच्या बारा व्होल्टच्या चार ट्युब्युलर टाका, स्वस्त पडतील, कुठेही मिळतील. मोजून बघितलं. ट्युब्युलर उंचीला जास्त, सीट बंद होत नाही. शिवाय इन्व्हर्टरची बॅटरी सावकाश करंट द्यायला बनवलेली. चढावर ही मोटर शे-दीडशे अँपिअर ओढते.

जुन्या पॅकमध्ये नवी बॅटरी घालू नये, असा नियम सगळे सांगतात. नियम बरोबर आहे, पण पॅक दीड-पावणेदोन वर्षांचाच आहे, आणि एका खणासाठी पाच चालणाऱ्या बॅटऱ्या भंगारात घालणं मला पटलं नाही. पुण्याहून त्याच मापाची एक आठ व्होल्टची मागवली, सतरा हजार. जुनी परत दिल्यावर थोडे वजा झाले. बसवण्याआधी नवी वेगळी पूर्ण चार्ज करून घेतली. ती प्लस टोकाला किंवा मायनस टोकाला कुठेही बसवली तरी काही फरक पडत नाही. मालिकेत करंट सगळ्यांतून सारखाच जातो. गावोगावी याबद्दल भलतेसलते सल्ले मिळतात.

३० मार्च

गुढीपाडवा. गेटवरून भोजनगृहात सगळ्यांना वर नेलं, श्रीखंड-पुरी खाऊन परत खाली आणलं. गाडी दुपारी चार्जिंगशिवाय पुरली. सगळं आटोपल्यावर, दोन तास उभी ठेवून, पॅक ४९.१. पूर्वी हा आकडा सकाळी पहिल्या फेरीआधीही दिसत नव्हता.

१२ एप्रिल

नवी तक्रार आली. माळीकाका म्हणतात, नव्या चार्जरने बॅटऱ्या पाणी पितात, जुना बरा होता. आधी दोन-तीन महिन्यांनी पाणी लागायचं, आता तीन आठवड्यांत पातळी उतरली.

बिघाड नाही. जुन्या चार्जरवर बॅटऱ्या कधी भरतच नव्हत्या, बुडबुडे नव्हते, म्हणून पाणी उडत नव्हतं. पूर्ण चार्ज होणारी बॅटरी पाणी उडवणारच. दर पंधरवड्याला झाकणं उघडून बघायचं, असं शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलं.

पण त्यातून एक गंभीर गोष्ट निघाली, जी आम्ही कोणी धरली नव्हती. ते बुडबुडे हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे. आमची शेड पत्र्याची, रात्री चोरीच्या भीतीने शटर पूर्ण बंद. जुन्या चार्जरवर ते निभावून गेलं. आता सकाळी शटर उघडलं की नाकाला अ‍ॅसिडचा वास येतो, आणि रात्रीचा वॉचमन तिथेच आडोशाला बिडी ओढायचा. हायड्रोजन हलका, वर पत्र्याखाली साठतो. म्हणून वरच्या बाजूला समोरासमोर दोन जाळ्या कापून घेतल्या, खाली शटरला चार बोटं फट ठेवली. सीट चार्जिंगच्या वेळी उघडी ठेवायची. आधी चार्जरचं बटण बंद करायचं, मग प्लग काढायचा. उलटं केलं की प्लगवर ठिणगी पडते. वॉचमनची बिडी गेटवर हलवली. तो नाराज आहे.

२४ एप्रिल

खर्चाचा हिशोब साहेबांना दिला, इथेही देतो, अंदाजी आकड्यांत. चार्जर अठरा हजार. एक बॅटरी सतरा हजार. केबल, लग, प्लग-सॉकेट मिळून अडीच हजार. डिस्टिल्ड वॉटर, हायड्रोमीटर, जेली, सोडा हजारभर. शेडच्या जाळ्या आणि मजुरी दोन हजार. स्टॅबिलायझर सात हजार, तो आता भोजनगृहातल्या मोठ्या फ्रिजला लावलाय, तिथे त्याचा उपयोग आहे. वाइंडिंगवाल्यांनी तपासणीचे पैसे घेतले नाहीत, चहाचे मात्र त्यांनीच दिले. सगळं मिळून नव्या सहा बॅटऱ्यांच्या कोटेशनच्या निम्म्याहून कमी. त्या सहा घेतल्या असत्या तर जुन्या चार्जरवर वर्षभरात त्याही अशाच बसल्या असत्या.

वेळ कुठे गेला? लो व्होल्टेजमागे बराच. बाकी चार्जरची पाटी वाचायला दोन मिनिटं लागली असती. ती भिंतीकडे तोंड करून होती.

राहिलेली कामं अशी. दोन नंबरचा एक खण बाकीच्यांपेक्षा १५ अंकांनी मागे आहे, पावसाळ्याआधी पुन्हा इक्वलायझिंग देऊन बघायचा. तीन-चार सोडून बाकीच्या केबली त्याच जुन्या आहेत, त्यांचा चढावरचा मीटर दर महिन्याला. मामांना "संपली की लावू" ही सवय सोडायला सांगितलंय. चार फेऱ्या झाल्या तरी रात्री प्लग लावायचा, लेड-अ‍ॅसिडला रिकामं उभं राहणं सोसत नाही.

जुना चार्जर शेजारच्या रिसॉर्टवाल्यांनी मागितला, त्यांच्याकडेही एक गाडी अशीच अर्धी भरते. दिला नाही. त्यांना म्हटलं, आधी तुमच्या चार्जरच्या पाटीचा फोटो काढून पाठवा. फोटो अजून आला नाही.